एकतर्फी कसला हो?

दादा, 'बायकांचा क्रिकेटचा आशिया कप म्हणजे भारतानेच जिंकायचा, बघायचं काय त्यात' हे तुमचं म्हणणं २०१६ पर्यंत ठीक होतं. २००४ पासून तोवर कप दुसऱ्या कुणाला मिळालाच नव्हता. पण २०१८ ला क्वालालंपूरला फायनलमध्ये भारताविरुद्ध बांगलादेशने शेवटच्या चेंडूवर दोन धावा पळून काढल्या आणि कप नेला की! आधी लीगमध्येही त्यांनीच भारताला हरवलं होतं, म्हणजे नशिबाचा खेळ नव्हता तो. २०२२ ला सिल्हेटमध्ये थायलंडने पाकिस्तानला हरवून सेमीफायनल गाठली. फायनल मात्र खरंच एकतर्फी, लंका ९ बाद ६५, भारत आरामात जिंकला.

तीच लंका २०२४ ला दांबुलात फायनलला भारताचं १६६ चं टार्गेट आठ गडी राखून पार करते. त्यांच्या चमारीच्या ६१ धावा, हर्षिताच्या नाबाद ६९. आपल्या स्मृती मानधनाच्या ६० वाया गेल्या. सांगलीची म्हणून आम्हा निपाणी-बेळगावकडच्यांना ती घरचीच वाटते, त्यामुळे त्या दिवशी जास्तच लागलं. तरी माझ्या मते स्पर्धेसाठी तो निकाल चांगलाच झाला. आता नेपाळ, यूएईच्या मुलींना मोठ्या संघांशी वरचेवर खेळायला मिळालं पाहिजे. दोन वर्षांतून एकदा भिडून काय होणार?