२०१६ ची एनबीए अंतिम मालिका : ग्रीनचे निलंबन खरोखर निर्णायक होते का?

मध्यरेषा (प्रश्न)

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स यांच्यातील २०१६ च्या अंतिम मालिकेचा (आधी चार सामने जिंकणारा विजेता) विषय निघाला, की चर्चा हमखास एकाच ठिकाणी येऊन थांबते : निलंबनामुळे बाहेर बसलेला वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन पाचव्या सामन्यात खेळला असता, तर वॉरियर्सनी करंडक तिथेच उचलला असता. नियमित हंगामातील ८२ पैकी ७३ सामने जिंकलेला आणि अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी घेतलेला संघ उरलेल्या तीनपैकी एकही सामना जिंकत नाही, हे इतके अतर्क्य आहे की त्याला एखादे ठळक कारण चिकटवण्याचा मोह व्हावा, हे समजण्यासारखे आहे. त्यापूर्वी अंतिम मालिकेत ३-१ ने मागे पडलेला एकही संघ विजेता झाला नव्हता.

परंतु या स्पष्टीकरणात मला दोन अडचणी दिसतात. पाचव्या सामन्यात ग्रीन नसतानाही मध्यंतराला गुणफलक ६१-६१ असा बरोबरीत होता. सहाव्या सामन्यात तो परतला, आणि नेमका त्याच सामन्यात पहिल्या क्वार्टरअखेर वॉरियर्स ३१-११ असे पिछाडीवर गेले. मग मालिका नेमकी कुठे फिरली? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सहावा गडी

आधी निलंबनाबद्दल, कारण त्याविषयी बराच गैरसमज आहे. चौथ्या सामन्याच्या अखेरीस क्लीव्हलंडचा लेब्रॉन जेम्स खाली पडलेल्या ग्रीनला ओलांडून गेला आणि ग्रीनने हात चालवला. केवळ त्या एका कृतीसाठी त्याला बाहेर बसवले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या कृतीला नंतर पहिल्या श्रेणीचा फ्लॅग्रंट फाउल (अनावश्यक धसमुसळेपणाचा फाउल) ठरवण्यात आला, म्हणजे शिक्षेचा एक गुण. ह्यूस्टन आणि ओक्लाहोमा सिटी यांच्याविरुद्धच्या मालिकांत मिळून तीन गुण त्याच्या नावावर आधीच जमा होते, आणि प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) असे चार गुण झाले की एका सामन्याचे निलंबन आपोआप लागू होते. त्याने तो सामना शेजारच्या बेसबॉल स्टेडियममध्ये बसून पाहिला. जिंकलेच, तर जल्लोषाला लगेच पोहोचता यावे, एवढ्या जवळ.

तुमच्या दोन्ही अडचणी रास्त आहेत. मात्र माझ्या मते पाचव्या सामन्यातील त्याहून महागात पडलेली घटना तिसऱ्या क्वार्टरमध्ये घडली आणि तिची चर्चा फारच कमी होते. वॉरियर्सच्या अँड्र्यू बोगटने क्लीव्हलंडच्या जे. आर. स्मिथचा लेअप (रिंगजवळून टाकलेला शॉट) अडवला, स्मिथ त्याच्या डाव्या गुडघ्यावर आदळला आणि बोगटची मालिका तिथेच संपली. बोगट फार वेळ मैदानावर नसे, चौथा सामना तर वॉरियर्सनी मुख्यतः लहान चणीच्या संघाच्या बळावर जिंकला होता, हे मान्यच आहे. पण रिंगजवळ उभे राहून समोरच्याला विचार करायला लावणारा तोच एक सेंटर त्यांच्याकडे होता. निलंबन एका सामन्याचे होते. बोगटची उणीव उरलेल्या दोन्ही सामन्यांत राहिली.

तिचा परिणाम सातव्या सामन्यात डोळ्यांसमोर दिसतो. वॉरियर्स ८७-८३ असे पुढे असताना त्यांचा फेस्टस इझेली तीन गुणांच्या रेषेबाहेर लेब्रॉनसमोर सापडला. लेब्रॉनने शॉटची हूल दिली, इझेली हवेत उडाला, फाउल झाला आणि तिन्ही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकी) आत गेले. थोड्याच वेळात पुन्हा तीच जोडी समोरासमोर आली; या वेळी इझेली मागे राहिला, तर लेब्रॉनने थेट तीन गुणांचा शॉट घातला. चार गुणांची आघाडी बघता बघता दोन गुणांची पिछाडी झाली. बोगट तंदुरुस्त असता तर निर्णायक मिनिटांत इझेली बाकावर असता, असे मला वाटते.

स्क्रीनवाला

बोगटचा मुद्दा बिनतोड आहे, तरीही तो अर्धीच गोष्ट सांगतो. इझेली लेब्रॉनसमोर सापडला तो योगायोगाने नव्हे, तर क्लीव्हलंडला हवा होता म्हणून. प्रशिक्षक टायरॉन लू यांच्या संघाची योजना सरळ होती : वॉरियर्सपैकी जो बचावात दुबळा, तो ज्याला अडवत असेल त्या आपल्या खेळाडूला स्क्रीनसाठी (बचावपटूच्या वाटेत उभे राहण्यासाठी) बोलवायचे, बचावपटूंची अदलाबदल घडवून आणायची आणि मग त्या दुबळ्या खेळाडूवर लेब्रॉन किंवा कायरी अर्व्हिंग यांना सोडायचे. बहुतेक वेळा हा बळीचा बकरा स्टीफन करी असे. पहिल्याच फेरीत त्याचा गुडघा दुखावला होता, आणि दर खेपेला आपल्याहून धिप्पाड किंवा चपळ खेळाडूला अडवायचे म्हटल्यावर आक्रमणासाठी पायांत बळ उरणे कठीणच.

अर्व्हिंगचा शेवटचा शॉट पुन्हा पाहा. ५३ सेकंद उरले होते आणि ८९-८९ अशी बरोबरी होती. त्याच्यासमोर मुळात क्ले थॉम्पसन होता. जे. आर. स्मिथने येऊन स्क्रीन लावली, थॉम्पसन आणि करी यांची अदलाबदल झाली आणि अर्व्हिंगला हवा तो माणूस समोर मिळाला. उजव्या बाजूला दोन-चार ड्रिबल, किंचित मागे सरकणे आणि करीच्या पसरलेल्या हातावरून तीन गुण. सबंध मालिकेत रचलेला डाव त्या एका क्षणी वसूल झाला.

दुसऱ्या टोकाला वॉरियर्सचा हॅरिसन बार्न्स होता. क्लीव्हलंडने त्याला मुद्दाम मोकळे सोडले आणि शेवटच्या तीन सामन्यांत त्याचे ३२ पैकी ५ शॉट आत गेले. मोकळे सोडलेल्या माणसाने शॉट घातलेच नाहीत, तर करी आणि थॉम्पसन यांच्यावर दोघे-दोघे धावून जाणे प्रतिस्पर्ध्याला परवडते. निलंबनावर पानेच्या पाने लिहिणारे या आकड्याकडे का पाहत नाहीत, हे मला कोडेच आहे.

जुना कॅव्हज

तिघांचेही लेखन वाचले. विश्लेषण चांगले आहे, पण त्यात प्रामुख्याने वॉरियर्स कसे हरले हेच आहे. क्लीव्हलंड कसे जिंकले याची दखल स्क्रीनवाला यांनी थोडीफार घेतली, इतकेच. पाचव्या सामन्यात लेब्रॉन आणि अर्व्हिंग या दोघांनीही प्रत्येकी ४१ गुण केले. अंतिम मालिकेच्या एकाच सामन्यात एका संघाच्या दोन खेळाडूंनी चाळिशी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. सहाव्या सामन्यात लेब्रॉनने पुन्हा ४१ केले. संपूर्ण मालिकेत गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू), असिस्ट (गुण मिळवून देणारा पास), स्टील (हिसकावलेला चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेला शॉट) या पाचही बाबींत दोन्ही संघांत मिळून तोच अव्वल राहिला.

शिवाय ‘असता तर’चा खेळ खेळायचाच असेल, तर तो एक वर्ष आधीपासून खेळावा लागेल. याच दोन संघांतील २०१५ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलंडचा केव्हिन लव्ह खांद्याच्या दुखापतीमुळे नव्हताच आणि अर्व्हिंग पहिल्या सामन्यातच जायबंदी झाला. तो करंडक वॉरियर्सनी जिंकला आणि त्यावर कोणी शंकेचे तारांकन लावले नाही, ते योग्यच झाले.

सातव्या सामन्याच्या अखेरीस वॉरियर्सच्या आंद्रे इग्वोडालाच्या लेअपवरील लेब्रॉनच्या ब्लॉकबद्दल सगळेच बोलतात. त्याआधीचा अर्धा क्षण मात्र निसटून जातो. स्मिथ मध्ये आला आणि त्याला चुकवण्यासाठी इग्वोडालाला हवेत चेंडू खाली घेऊन पुन्हा वर न्यावा लागला. लेब्रॉनला मागून गाठायला तेवढीच उसंत पुरली. स्मिथने फाउल न करता अडवले, यालाही श्रेय द्यायला हवे.

मध्यरेषा

सर्वांचे आभार. बोगट आणि करीवरचे हल्ले हे दोन्ही मुद्दे मला पटतात. सातव्या सामन्यात ग्रीनने ३२ गुण, १५ रिबाउंड आणि ९ असिस्ट अशी कामगिरी करूनही संघ ९३-८९ असा हरला, त्यामुळे एकट्या त्याच्या उपस्थितीवर निकाल टांगणे मला अधिकच अवघड वाटू लागले आहे. एक शंका उरते. अर्व्हिंगच्या त्या शॉटनंतर वॉरियर्स तीन गुणांनी मागे असताना करीसमोर लव्ह आला होता. तो संथ समजला जातो. मग करी त्याला चुकवून आत का गेला नाही?

सहावा गडी

त्याला एका झटक्यात बरोबरी हवी होती, एवढेच मला दिसते. करीने चेंडू ग्रीनला देऊन परत घेतला, दोन्ही बाजूंना हूल दिली, पण लव्ह पायांवर ठाम राहिला आणि हात वर ठेवून त्याच्या अगदी अंगाशी चिकटून राहिला. शॉट रिंगवर लागून बाहेर आला, तेव्हा जवळपास अर्धा मिनिट शिल्लक होता. आत जाऊन झटपट दोन गुण घेतले असते, तर ९२-९१ असा फरक राहिला असता आणि पुढचा एक बचाव यशस्वी करून जिंकण्याची संधीही मिळाली असती. माझ्या दृष्टीने त्या रात्रीचा वॉरियर्सचा सर्वांत चुकीचा निर्णय हाच, आणि त्या वेळी ग्रीन मैदानावरच होता.