पार्किन्सनमध्ये प्रथिनांच्या गुठळ्या का होतात?

प्रश्न (चोपडा): माझ्या वडिलांना आणि आत्यांनाही पार्किन्सन झाला आहे. जनुकातील बदलामुळे मेंदूत गुठळ्या कशा होतात, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर (धुळे): एसएनसीए जनुकापासून अल्फा-सिन्युक्लीन हे 140 अमिनो आम्लांचे (प्रथिनांच्या साखळीतील घटकांचे) प्रथिन बनते. 1997 साली इटली व ग्रीसमधील कुटुंबांत आढळलेल्या बदलात 53व्या स्थानी अ‍ॅलानिनऐवजी थ्रिओनिन येते; त्यामुळे रेणू एकमेकांना लवकर चिकटून तंतू तयार होतात आणि पेशींत लेवी पिंडांच्या, म्हणजे प्रथिनांच्या गुठळ्यांच्या, रूपाने साचतात.

उत्तर (शहादा): मला याहून बोलके वाटते ते हे, की प्रथिन निर्दोष असले तरी जनुकाच्या जादा प्रतींमुळे ते अति प्रमाणात तयार झाल्यास गुठळ्या होतात. जीबीए1 या दुसऱ्या जनुकातील दोषामुळे लायसोसोममध्ये (पेशीतील टाकाऊ पदार्थ मोडणाऱ्या पिशवीत) होणारे या प्रथिनाचे विघटनही मंदावते.

प्रश्नकर्ता: मग मलाही तो होईलच का?

उत्तर (धुळे): नाही, तसे ठरलेले नसते. बहुतेक रुग्णांत एकच जनुक कारणीभूत नसते. तपासणीपूर्वी जनुकीय समुपदेशकांशी अवश्य बोलावे.