२० जिंकले, १३४ हरले: क्लीव्हलँड स्पायडर्सला ‘सर्वात वाईट संघ’ म्हणणं बरोबर आहे का?

एरीकाठची
२०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, तेव्हा बेसबॉलच्या सर्वात वाईट संघांच्या याद्या पुन्हा फिरायला लागल्या. तळाला नेहमीचंच नाव: १८९९ चे क्लीव्हलँड स्पायडर्स. १५४ सामन्यांत १३४ हार. मी क्लीव्हलँडला राहते आणि ते नाव यादीच्या तळाला मला बघवत नाही. हा संघ वाईट नव्हता, लुटला गेला होता.

याच संघाने १८९५ मध्ये बाल्टिमोरला हरवून टेंपल करंडक, म्हणजे हंगामानंतर पहिल्या दोन संघांत होणारी स्पर्धा, जिंकला होता. ज्याच्या नावाने आज सर्वोत्तम पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) पुरस्कार देतात तो साय यंग याच संघातला, फलंदाज जेसी बर्केटही याच संघातला. मालक फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे दोघे भाऊ. १८९९ च्या सुरुवातीला त्यांनी सेंट लुइसचा डबघाईला आलेला संघ घेतला, क्लीव्हलँडचाही हातात ठेवला. मग यंग, बर्केट, बॉबी वॉलेस, व्यवस्थापक पॅट्सी टिबो असे सगळे चांगले गडी तिकडे नेले आणि तिकडचे नको असलेले इकडे पाठवले. हंगामाचा पहिलाच सामना सेंट लुइसला, सेंट लुइसशी. १०-१ ने हरलो. ही हार खेळाडूंच्या नावावर कशी लिहायची?

पक्का_हिशोबी
ताई, राग समजतो. पण तुमच्या शहराचा वाटा कोण लिहिणार? १८९८ मध्ये यंग-बर्केटसकट हाच संघ ८१ सामने जिंकून पाचवा आला, तरी प्रेक्षक फिरकत नव्हते. शिवाय रविवारी खेळायची बंदी. १८९७ मध्ये रविवारी मैदानात उतरलेल्या खेळाडूंना पोलिसांनी धरून नेलं होतं. कामगाराला सुट्टी रविवारचीच; त्याच दिवशी फाटक बंद असेल तर गल्ला भरायचा कधी? सेंट लुइसमध्ये रविवारी खेळ चालायचा. आणि दोन संघ एका मालकाचे असणं तेव्हा नियमात बसत होतं. ब्रुकलिन आणि बाल्टिमोरचंही तसंच होतं, आणि त्या वर्षी ब्रुकलिन पहिलं आलं.

एरीकाठची
बाल्टिमोरचं नाव काढलंत ते बरं झालं. तिथूनही कीलर, जेनिंग्स, केली हे खेळाडू ब्रुकलिनला गेले. पण जॉन मॅकग्रॉ आणि विल्बर्ट रॉबिन्सन जायला तयार झाले नाहीत, आणि त्यांच्या जोरावर बाल्टिमोर बारा संघांत चौथं आलं. म्हणजे मालक एकच असूनही मागे काही शिल्लक ठेवलं, तर संघ जगतो. आमच्याकडे काहीच ठेवलं नाही.

प्रेक्षकांचं म्हणाल तर त्या वर्षी घरच्या मैदानावर ४२ सामने झाले आणि सगळे मिळून ६,०८८ लोक आले. सामन्याला साधारण १४५. मी असते तर मीही गेले नसते. ज्या मालकाने माझा संघ उचलून नेला, त्याला मी तिकिटाचे पैसे का द्यावेत? लीग पार्क हे मैदानसुद्धा रॉबिसनच्या ट्रामच्या मार्गावर बांधलेलं. जायचं तर भाडंही त्यालाच.

डावखुरा
लूट झाली हे मान्य, पण ‘वाईट नव्हता’ हे मला पटत नाही. ५२९ धावा काढल्या आणि १,२५२ दिल्या. पिचर जिम ह्यूईने ४ सामने जिंकून ३० गमावले. एकदा सलग २४ सामने हरले, आणि शेवटच्या ४१ पैकी ४०. का झालं हा एक प्रश्न, खेळ कसा झाला हा दुसरा. यादी खेळाची असते. गरिबीमुळे नापास झालेल्या मुलाबद्दल जीव तुटतो, पण म्हणून गुणपत्रिकेतले आकडे बदलत नाहीत.

मागच्या_बाकावरून
डावखुरा, मग गुणपत्रिका पूर्ण वाचा. १५४ पैकी ११२ सामने परगावी. पाहुण्या संघाला तिकिटांच्या पैशातला वाटा मिळायचा. क्लीव्हलँडमध्ये तो इतका तुटपुंजा की गाडीभाडं आणि हॉटेलही सुटेना. म्हणून इतर संघ यायलाच तयार नव्हते आणि स्पायडर्सच गावोगाव फिरत राहिले. परगावी ११ विजय, १०१ पराभव. आज हंगामात बाहेरचे सामनेच ८१ असतात, त्यामुळे हा आकडा कुणी गाठूच शकत नाही.

मला खरं वाईट वाटतं ते त्या हंगामातल्या दुसऱ्या व्यवस्थापकाचं, जो क्विनचं. जन्म ऑस्ट्रेलियातला, हंगाम नसताना सेंट लुइसमध्ये अंत्यविधीची व्यवस्था करणारा माणूस. आधीचा व्यवस्थापक लेव्ह क्रॉस ८ जिंकून ३० हरला होता. संघातला सर्वात चांगला गडीही तोच, म्हणून मालकांनी त्यालाही सेंट लुइसला नेलं. उरलेलं क्विनच्या गळ्यात पडलं: १२ विजय, १०४ पराभव. तरी त्याने एकेक सामना खेळून काढला. शेवटच्या दिवशी सिनसिनाटीत हॉटेलातल्या सिगारच्या दुकानातला एडी कोल्ब पिचर म्हणून उभा केला. हरले १९-३.

डावखुरा
क्विनबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. त्या परिस्थितीत रोज कपडे चढवून मैदानात जाणं सोपं नव्हतं.

पक्का_हिशोबी
मीही रॉबिसनना साधू म्हणत नाही. पण पुढचं बघा. हंगामानंतर हे सगळे संघ ज्यात खेळायचे त्या नॅशनल लीगने बारापैकी चार संघ काढून टाकले, त्यात क्लीव्हलँड गेलं. त्यामुळे जागा मोकळी झाली आणि १९०१ मध्ये नव्या अमेरिकन लीगचा संघ तिथे आला, आजचे क्लीव्हलँड गार्डियन्स. एका मालकाला दोन संघ ठेवू देणं किती महागात पडतं हेही त्या हंगामाने सगळ्यांना दाखवलं. पुढे त्यावर बंदी आली. मोडलं ते मोडायच्याच वाटेवर होतं.

एरीकाठची
मोडायच्या वाटेवर नव्हतं, मोडलं गेलं. आणि एवढं करून सेंट लुइसला काय मिळालं? ८४ विजय, ६७ पराभव, पाचवा क्रमांक. आदल्या वर्षी क्लीव्हलँडचा होता तोच. म्हणून माझी मागणी साधी आहे: यादीत २०-१३४ लिहा, पण शेजारी हे ८४-६७ सुद्धा लिहा. दोन्ही एकाच खिशातले आकडे आहेत.

आणि शहराला संघ नको होता असं म्हणणाऱ्यांसाठी: १९०९ मध्ये साय यंग क्लीव्हलँडला परत आला. बेचाळिसाव्या वर्षी, नव्या संघात, पण मैदान तेच लीग पार्क, जिथे १८९१ मध्ये पहिल्या सामन्याला त्यानेच पिचिंग केलं होतं. त्या हंगामात त्याने १९ सामने जिंकले.