इंग्रजी साहित्याची बी.ए. कंपनीच्या कामाला येते का?

कागदवाचक
'साहित्य घेतलंस ना, आता बी.एड. कर' हा सल्ला सरसकट दिला जातो. मला तो चुकीचा वाटतो. निर्यात विभागाचं काम बघा. लेटर ऑफ क्रेडिट (एलसी) म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी. त्यावर बँक पैसे देते ते माल बघून नाही, कागद बघून. त्याला यूसीपी ६०० हे एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम लागतात आणि तिथे शब्दाशब्दाला किंमत आहे. प्रमाणाआधी 'अबाऊट' आला की १० टक्के कमी-जास्त चालतं. माल चढवण्याच्या मुदतीत 'फ्रॉम' असेल तर ती तारीख धरायची. हुंडीची, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी आदेशाची, देय तारीख काढताना तोच 'फ्रॉम' आला तर ती सोडायची. बीजकातलं (इन्व्हॉइसमधलं) मालाचं वर्णन एलसीशी जुळलं नाही की बँक डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढते, शुल्क लावते आणि पैसे खरेदीदाराच्या होकारावर अडकतात. तीन वर्षं एकेका शब्दापाशी थांबून वाचलेल्यांची नजर यासाठी तयार असते.

हिशेबनीस
असहमत. कवितेत एका शब्दाचे चार अर्थ काढले की गुण मिळतात. एलसीत नियमाने ठरवलेला एकच अर्थ, आणि तो नियम साहित्याच्या वर्गात कुणी शिकवत नाही. शिवाय नफा दिसतोय तरी खात्यात पैसे का नाहीत? गिऱ्हाइकाला उधारी ९० दिवसांची, पुरवठादाराला ३० दिवसांत द्यायचे, तर मधले ६० दिवस पैसा कुठून आणायचा? नुसत्या भाषेवर हे सुटत नाही. आपल्याकडच्या एमबीए सीईटीतही २०० पैकी इंग्रजीचे प्रश्न ५०. बाकीचे गणित आणि तर्काचे.

ओवी
तांत्रिक लेखन दोघांच्याही बोलण्यात आलं नाही. विमान देखभालीच्या मॅन्युअलना एएसडी-एसटीई१०० हे सोप्या इंग्रजीचे नियम आहेत: सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५. साहित्याचे विद्यार्थी इथे सुरुवातीला हमखास अडखळतात, कारण तोच शब्द पुन्हा नको म्हणून पर्यायी शब्द घालायची सवय लागलेली असते. एका ओळीत 'कव्हर' आणि पुढच्या ओळीत त्यालाच 'लिड' म्हटलं, की मेकॅनिक दुसरा भाग शोधत बसतो. ही सवय आधी मोडावी लागते. ती मोडली की वाक्य उकलण्याचं कौशल्य उपयोगी पडतं.

कागदवाचक
हिशेबनीस, अर्थ नियमाने ठरतो हे मान्य. पण नियम पाठ असूनही चुका होतात. मागच्या ऑर्डरचं बीजक कॉपी केलं, नव्या एलसीत वर्णन बदललंय हे दिसलंच नाही, ही वाचनातली चूक आहे. उधारीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. दुसऱ्या वर्षापासूनच टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि एक्सेलमधलं पिव्होट टेबल (आकड्यांचा गटवार सारांश काढणारा तक्ता) शिकायला घ्यावं.

हिशेबनीस
टॅलीत नोंदी करता आल्या म्हणजे ताळेबंद वाचता आला असं नाही. त्यापेक्षा शेअर बाजारातल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. संचालकांचं निवेदन साहित्यवाल्यांना सहज कळेल. तिथे थांबू नका, रोख प्रवाहाच्या पत्रकावर जा. कामकाजातून आलेली रोख नफ्यापेक्षा कमी असेल तर येणी वाढली की साठा वाढला, ते मागच्या टिपांमधून शोधा आणि अर्ध्या पानात लिहा. महिन्याला एक अहवाल, असं वर्षभर.