‘मिसेस’ आणि विवाहाचा संबंध

इंग्रजी संबोधनांवरील चर्चेत एका प्रतिसादात ‘मिसेस’ म्हणजे पूर्वापार विवाहित स्त्री आणि ‘मिझ’ (Ms, स्त्रीची वैवाहिक स्थिती न सांगणारे संबोधन) ही १९७०च्या दशकातील नवी निर्मिती, असे म्हटले आहे. ही दोन्ही विधाने मला दुरुस्त करावीशी वाटतात. ‘मिसेस’ आणि ‘मिस’ ही दोन्ही संबोधने ‘मिस्ट्रेस’ (मूळ अर्थ मालकीण) या एकाच शब्दाची संक्षिप्त रूपे असून, सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लंडमध्ये ‘मिसेस’ हे विवाहाचे नव्हे, तर सामाजिक प्रतिष्ठेचे चिन्ह होते. स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या, हाताखाली नोकर वा शिकाऊ उमेदवार असलेल्या अविवाहित स्त्रियांनाही ते लावले जाई. मोठ्या घरांतील अविवाहित कारभारणीला ‘मिसेस’ म्हणण्याची प्रथा तर पुढेही दीर्घकाळ टिकली. ‘मिस’ हे आरंभी मुख्यतः लहान मुलींसाठी वापरत. प्रौढ अविवाहित स्त्रियांसाठी ते अठराव्या शतकात हळूहळू रूढ झाले. माझ्या मते स्त्रियांचे खरे नुकसान येथे झाले, कारण त्यांच्या संबोधनातून वैवाहिक स्थिती उघड होऊ लागली, ‘मिस्टर’ला मात्र ती कधीच सांगावी लागली नाही. ‘मिझ’चा प्रस्ताव मात्र मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या एका वृत्तपत्राने १९०१ सालीच मांडला होता, अमेरिकी स्त्रीवादी कार्यकर्त्या शीला मायकल्स यांनी १९६०च्या दशकात त्याचा पाठपुरावा केला, तरी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो स्वीकारायला १९८६ साल उजाडले.