कंट्रीतलं 'ओळखीचं गाणं' कुणाचं: लिहिणाऱ्याचं की गाणाऱ्याचं?

तबकडी
अमेरिकन कंट्री संगीतातल्या जुन्या मंडळींचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं: जो स्वतः लिहितो तोच खरा, बाकीचे नुसते गळे. मग हँक विल्यम्स, लोरेटा लिन, डॉली पार्टन वरच्या पाटावर बसतात आणि जॉर्ज जोन्स, पॅट्सी क्लाइन यांना खालच्या पंगतीत ढकललं जातं. मला हे मुळीच मान्य नाही. ज्या गाण्यावरून गायक ओळखला जातो, ते गाणं गाणाऱ्याचंच असतं. कागदावर कुणाचंही नाव असो.

जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' घ्या. १९८० सालचं. लिहिलं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन यांनी. एक माणूस सांगून ठेवतो की मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, आणि खरंच मेल्यावरच थांबतो. जोन्सला हे गाणं नको होतं. इतकं रडकं कोण विकत घेणार, असं त्याचं म्हणणं. तेव्हा तो दारूत बुडालेला होता. मधलं एक कडवं गायचं नाही, नुसतं बोलायचं आहे: ती शेवटचं बघायला येते, एवढाच प्रसंग. निर्माता बिली शेरिल सांगायचा की गाऊन झालं, पण त्या चार ओळी न अडखळता बोलून घ्यायला दीड वर्ष लागलं.

त्या चार ओळी ऐका. आवाज चढवत नाही, कापवत नाही. शेजारच्या घरातली बातमी सांगावी तसं सांगतो. पुढे सूर लागतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. हे ब्रॅडॉकच्या कागदावर कुठे होतं? चार दशकांची कारकीर्द तीन मिनिटांच्या गाण्यानं वाचवली, असं जोन्सनं स्वतःच म्हटलंय.

निळी_शाई
तबकडी, असहमत. जोन्स मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण गायक बदलला तरी गाणं उभं राहतं ते शब्दांवर.

लोरेटा लिनचं 'कोल मायनर्स डॉटर' (१९७०) बघा. केंटकीच्या बुचर हॉलोमधली खाणकामगाराची मुलगी, आठ भावंडं. उन्हाळ्यात पायात काही नाही. हिवाळ्यात डुक्कर विकून आलेल्या पैशातून टपालानं मागवलेले नवे बूट. कपडे घासून घासून आईच्या बोटांतून आलेलं रक्त. हे दुसऱ्या कुणाला सुचलं असतं का? निर्माता ओवेन ब्रॅडलीनं गाणं लांबलं म्हणून काही कडवी काढायला लावली. मला त्या काढलेल्या कडव्यांची हळहळ वाटते. उरलेल्या ओळींत तिचं अख्खं घर आहे. ज्याचं जगणं, त्याचं गाणं.

आणि डॉली. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' तिनं बरोबर गाणाऱ्या पोर्टर वॅगनरपासून वेगळं होताना लिहिलं, १९७४ मध्ये गाजलं. एल्व्हिसला ते गायचं होतं, पण त्याच्या व्यवस्थापकानं प्रकाशनाचे अर्धे हक्क मागितले. डॉलीनं नाही म्हटलं आणि रात्रभर रडली. गाणं गाणाऱ्याचंच असतं, तर तिनं हक्कांसाठी एल्व्हिसचा आवाज कशाला सोडला असता? १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते जगभर नेलं, तरी ते डॉलीचंच राहिलं.

तबकडी
निळी_शाई, हक्क लिहिणाऱ्याचेच, त्यात दुमत नाही. लिहिणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. मी ओळखीबद्दल बोलतोय. आज जगात शंभर माणसांना ते गाणं गुणगुणायला सांगा, बहुतेक जण व्हिटनीसारखं वर चढवतील. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूनं येतं.

जो स्वतः लिहितो, त्याचंही गाणं शेवटी गळ्यातूनच येतं. जॉनी कॅशचं 'आय वॉक द लाइन', १९५६, मेम्फिस. शब्द त्याचेच, पण साधे, पहिल्या बायकोला दिलेला शब्द. ओळखू कशानं येतं? प्रत्येक कडव्याआधीच्या त्या हुंकारानं. कडव्यागणिक पट्टी बदलते, म्हणून तो हुंकार भरून सूर शोधतो. ड्रम नाहीत, गिटारच्या तारांत कागद सरकवून त्यानं तो खरखरता ठेका काढला. शेवटच्या कडव्यात आवाज जमिनीला टेकतो. हे लिहून ठेवता येत नाही.

वसईची_लाट
मी तबकडीच्या बाजूनं, कारण आमच्या घरी जिम रीव्ह्ज हा घरातलाच माणूस होता. वसईत, वांद्र्याला, गोव्यात कितीतरी ख्रिस्ती घरांत हेच चित्र. डिसेंबर लागला की पपा त्याची नाताळची रेकॉर्ड काढायचे, आधी मऊ फडक्यानं पुसायचे, मग सुई ठेवायचे. सुई टेकताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. पपांचं इंग्रजी बेताचं. पण 'हील हॅव टू गो' लागलं की हातातलं काम थांबायचं.

ते गाणं जो आणि ऑड्री अ‍ॅलिसन या जोडप्यानं लिहिलं. रीव्ह्जच्या आधी दुसऱ्यानं गायलंही होतं, कुणाला आठवत नाही. रीव्ह्ज मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन, खालच्या आवाजात गायला. फोनवर तिच्याशी बोलणारा माणूस आहे, पलीकडे तिच्या शेजारी कुणीतरी बसलंय, ओरडून कसं चालेल? १९६० मध्ये कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ आठवडे पहिलं होतं. १९६४ च्या जुलैत विमान अपघातात तो गेला. पपांना शब्द निम्मे कळत नव्हते, पण तो हळू का बोलतोय हे कळत होतं.

खडूफळा
दोघांचंही मला अर्धवट वाटतं. 'ओळखीचं गाणं' ही गोष्टच गायकावर अन्याय करते. मर्ल हॅगार्डला लोक 'ओकी फ्रॉम मस्कोगी'वरून (१९६९) ओळखतात. हिप्पींना नावं ठेवणारं गाणं म्हणून एका बाजूनं डोक्यावर घेतलं, दुसऱ्या बाजूनं शिव्या घातल्या. हा माणूस बेकर्सफील्डजवळ मालगाडीच्या डब्याचं घर केलेल्या ठिकाणी जन्मला, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात राहिला, कैदी असताना समोर कॅशला गाताना ऐकलं. 'मामा ट्राइड'मध्ये आईचा काही दोष नाही, म्हणतो. तो हॅगार्ड कुठे गेला? एका गाण्यानं माणूस झाकला.

निळी_शाई
खडूफळा, हा मुद्दा पटला. पण हॅगार्ड उरला तो स्वतः लिहीत होता म्हणूनच ना? शोधणाऱ्याला 'मामा ट्राइड' सापडतं.

तबकडी, हँकचं राहिलंच. 'आय एम सो लोनसम आय कुड क्राय', १९४९. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं गाणं. नंतर किती जणांनी गायलं, आणि कुणीही गायलं तरी तो रात्रीचा पक्षी, ती दूरची आगगाडी तशीच राहते. हँक २९ व्या वर्षी मोटारीच्या मागच्या सीटवर गेला. शब्द राहिले.

तबकडी
हँकवर मी वाद घालणार नाही, तो दोन्हीकडून मोठा. पण किटी वेल्स? १९५२ मध्ये पुरुषांच्या गाण्याला बाईनं दिलेलं उत्तर म्हणून तिचं 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स' गाजलं. यादीत एकट्या बाईचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं. लिहिलं जे. डी. मिलर या पुरुषानं. बायकांनी ते कुणाचं मानलं?

एक विनंती. विली नेल्सननं 'क्रेझी' लिहिलं, १९६२ मध्ये स्वतःही गायलं. ते ऐका आणि लगेच पॅट्सीचं. पॅट्सी रेकॉर्डिंगच्या दोन महिने आधीच मोटार अपघातातून वाचली होती, बरगड्या दुखत होत्या, वरच्या सुरांना दम पुरेना. एरवी तेवढ्या वेळात तीन-चार गाणी उरकायची. त्या दिवशी चार तास गेले आणि हाती फक्त वाद्यं लागली. आवाज तिनं नंतर येऊन दिला.

निळी_शाई
ऐकली दोन्ही, रात्री, हेडफोन लावून. विली ठेक्याच्या मागून, बोलल्यासारखा येतो. त्याचं ऐकताना हा स्वतःवर वैतागलाय असं वाटतं. पॅट्सी पहिल्या शब्दाची दोनच अक्षरं लांबवत खाली उतरते आणि तिथेच हरलेली कळते. शब्द तेच आहेत, पण बाई वेगळी आहे. लोरेटाबद्दल माझं मत बदललेलं नाही. 'क्रेझी' मात्र आज मी पॅट्सीच्या नावावर केलं.

वसईची_लाट
निळी_शाई ताई, आता त्याच हेडफोनवर रीव्ह्ज ऐका. आवाज कमी ठेवून.