'फ्लँक ओपनिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

मुलीसाठी बुद्धिबळाचे जुने डाव मराठीत लिहून काढतोय, सध्या न्यूयॉर्कच्या १९२४ च्या स्पर्धेतला रेटी विरुद्ध तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका हा डाव घेतलाय आणि पहिल्याच ओळीला अडकलोय. फ्लँक ओपनिंग म्हणजे पटाच्या मध्याऐवजी बाजूंकडून केलेली डावाची सुरुवात. रेटी सुरुवातीला राजापुढचं, वजिरापुढचं प्यादं हलवतच नाही, आधी घोडा एफ३ या घरात, मग प्यादं सी४, मग थेट बी४, आणि दोन्ही उंट बी२ नि जी२ वर नेऊन बसवतो. मी 'बगलेची सुरुवात' लिहिलंय, चालेल का?

—

बगल शब्द चांगलाय, फौजेची उजवी बगल डावी बगल आपण म्हणतोच. पण 'बगल देणे' म्हणजे टाळणे हे लगेच डोक्यात येतं ना, वाचणाऱ्याला वाटेल रेटीने पटाच्या मध्याला बगल दिली. आणि झालंय नेमकं उलटं! त्याचा सगळा डोळा मध्यावरच आहे, फक्त तिथे आधीच प्यादी न रोवता लांबून उंटांचा मारा धरून ठेवायचा. १६व्या खेळीला डी४ केलंच की त्याने. म्हणून 'बगलेकडून सुरुवात' म्हणा, कडून लावलं की दिशा कळते आणि टाळाटाळीचा वास जातो.

—

आणि फियांकेटोचं, म्हणजे उंट असा बी२ किंवा जी२ वर बसवण्याचं, काय करणार काका? मूळ इटालियन 'फियांको' म्हणजे शरीराची बाजू, आपली कूस, त्याचं लाडकं छोटं रूप फियांकेटो. मला 'कुशीतला उंट' फार आवडेल, तीन प्याद्यांच्या कुशीत तो खरंच तसाच बसलेला दिसतो. आपल्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, त्यामुळे उंट असा कडेला बसवणं इथल्या खेळाडूंच्या हातातलंच होतं. कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी १८५० च्या सुमाराला स्कॉटिश खेळाडू जॉन कॉक्रनशी असंच खेळायचे, काळ्याच्या अशा बचावाला 'इंडियन डिफेन्स' हे नाव त्यातूनच आलं. मग शब्द उसना कशाला घ्यायचा?

—

दोन्ही घेतले! 'कुशीतला उंट' लिहून तो डाव परत मांडला तर आता वाक्य कसं छान झालंय बघा: २०व्या खेळीला रेटीच्या कुशीतल्या उंटाने डी४ वरचं प्यादं मारलं, पुढच्याच खेळीला त्याच तिरक्या रेषेत जी७ वर जाऊन कापाब्लांकाच्या कुशीतला उंट मारला, आणि ३१व्या खेळीनंतर आठ वर्षांत एकही डाव न हरलेल्या जगज्जेत्याने डाव सोडला.